दिवसभराचा प्रवास

४ मार्च

भिंगरे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. आईला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावायचा, आणि स्पीकर लावला की तिला नेमकं नको ते स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तुझ्या दातांच्या लॅबच्या पत्त्यावर हे टाकतेय. उत्तर माझ्या दुकानावर पाठव. घरी पाठवलंस तर पाकीट माझ्याआधी तीच फोडेल.

पहिली गोष्ट. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा आई पलंगावर होती आणि मी म्हटलं, उकाड्याने दमलीय. तसं नव्हतं गं. ती दुपारी चक्कर येऊन पडली होती. पहाटे तुझा 'निघाले' म्हणून फोन आला आणि बाईसाहेबांनी नेहमीसारखी कवळी काढून वाटीतल्या पाण्यात टाकली. प्रवासातलं माणूस पोचल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे तिचं बाबा फिरतीवर असायचे तेव्हापासूनचं आहे. तेव्हा तिचे दात स्वतःचे होते आणि साखरेच्या गोळ्या नव्हत्या. आता तुझ्या प्रवासाला अख्खा दिवस लागतो. गोळी पोटात, अन्न नाही, मग काय होणार? डॉक्टरीणबाईंनी मलाच झाडलं. 'तुम्ही उपाशी ठेवता की काय त्यांना?' त्यांना आईचं काय सांगणार! मी ताट पुढे केलं की ओठ मिटून घेते आणि वाटीकडे बोट दाखवते. 'दात नाहीत, कशी जेवू?' म्हणे. दात समोर वाटीत हसतायत!

परतीच्या दिवशीही तेच. तुझा संध्याकाळी 'पोचले' म्हणून फोन आला की मग कवळी तोंडात जाते. माझ्यासाठी मात्र ती वाटीत कधी गेलेली नाही. दुकान ते घर एवढ्या प्रवासाला कोण उपाशी बसतं? असो, थट्टा केली.

दुसरी गोष्ट, आणि खरी. तुझ्या शहरातला तो गणवेशांचा कारखाना, ज्यांचं फिटिंगचं काम मी इथे करते, त्यांच्या मॅनेजरबाईंनी मला पुन्हा विचारलंय. कटिंगचं सगळं टेबल माझ्या हाताखाली. चार वर्षांपूर्वी विचारलं होतं तेव्हा मी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, दिवसभराचा प्रवास आहे, मध्ये विमान बदलावं लागतं, आईला काही झालं तर कशी पोचशील? मी नाही म्हणून मोकळी झाले. नंतर कितीतरी दिवस पायजम्यांना नाडी घालताना ते टेबल डोळ्यांपुढे यायचं. लांबच्या लांब, गुळगुळीत, त्यावर कापडाचे थर आणि हातात मशीन. इथे मी लोकांच्या पँटी आखूड करत म्हातारी होणार.

आता बाई म्हणतात, सोमवार ते शुक्रवार तिकडे काम, शनिवार-रविवार घरी. शेजारच्या काकू आईजवळ झोपायला तयार आहेत. सगळं अडतंय ते एकाच गोष्टीवर. आईला काही झालं तर मी किती वेळात घरी येईन? चार वर्षांत काही फरक पडलाय का? तुझ्या दारातून आपल्या दारात यायला खराखुरा किती वेळ लागतो ते लिही. मोबाइलवर बघता येतं म्हणे, पण दर दुसऱ्या महिन्याला तू येतेस-जातेस, तुझ्यापेक्षा मोबाइलला काय जास्त कळणार?

मनापासून जायचंय मला. एवढं समजून लिही.

ताई

*

१३ मार्च

ताई,

आईचं वाचलं. तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. तिला सांग ना, म्हणावं भिंगरी विमानात पोटभर जेवते, तू का उपाशी मरतेस? नाहीतर असं करू, मी पहाटे फोन करणारच नाही. दुपारी करीन.

कारखान्याचं वाचून खूप आनंद झाला. तुझ्या हाताची किंमत कुणाला तरी कळली. पण ताई, मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. काहीही बदललेलं नाही. सकाळी अंधारात निघायचं, पहिलं विमान, मग मधल्या शहरात लोखंडी खुर्चीवर बसून दुसऱ्या विमानाची वाट बघायची. ते वेळेवर आलं तर नशीब. तुझ्या दारात येईपर्यंत दिवे लागतात, तू बघतेसच. अंतरच तेवढं आहे गं. नकाशात बोटभर दिसतं, पण मी ते दर वेळी अंगावर काढते.

मोबाइलवर एक थेट विमान दिसेल तुला. त्याच्या नादी लागू नकोस. ते जाहिरातीतच उडतं. तिकीट काढलं की आदल्या दिवशी रद्द झाल्याचा निरोप येतो. माझं दोनदा झालंय.

आणि तू दर आठवड्याला असा प्रवास करणार? तुझ्या कमरेला झेपेल? सोमवारी पोचायला रविवारीच निघावं लागेल, म्हणजे घरी राहणार तो एक शनिवार. आणि मधल्या वारी आईला काही झालं तर? तूच विचार कर. मी तुला अडवत नाही. मला उलट किती बरं वाटलं असतं तू इथे आलीस तर!

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी येतेय. आईची कवळी खालून टोचते म्हणाली होतीस, घासायचं यंत्र बरोबर आणते.

तुझी भिंगरी

*

९ एप्रिल

भिंगरे,

आलीस, राहिलीस, गेलीस. कवळी आता टोचत नाही. आई आल्यागेल्याला तोंड उघडून दाखवते, 'माझ्या धाकटीने केलीय' म्हणून. शेजारच्या काकूंनी तर दोनदा पाहिली बिचाऱ्यांनी.

बरं, मॅनेजरबाईंना मी अजून 'नाही' असं कळवलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाल्या. तू लिहिलंस ते सगळं पटलं, पण मन धावतं. म्हणून एक काम कर. या खेपेचा तुझा येतानाचा प्रवास मला नीट लिहून पाठव, निघाल्यापासून आपल्या दारापर्यंत. कुठे बदललंस, कुठे बसलीस, काय खाल्लंस. एकदा डोळ्यांसमोर आलं की मीच म्हणेन, नको रे बाबा, आणि विषय मिटेल.

आई तुझ्या वाटेवर बसली होती, तेवढ्या वेळात मी तिला दुधात साखर घालून चोरून पाजलं. औषध आहे म्हटलं. फसली.

ताई

*

१७ एप्रिल

ताई,

हा घे तुझा प्रवास, हसू नकोस.

पहाटे टॅक्सी. पहिलं विमान अर्धा तास उशिरा सुटलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ, त्यांचं डोकं सारखं माझ्या खांद्यावर पडायचं. मधल्या शहरात उतरले तर ही गर्दी! बसायला खुर्ची नाही. एका खांबाला टेकून जमिनीवरच बसले, पिशवी मांडीवर, आत आईच्या कवळीचं यंत्र. एक गार पाव खाल्ला, त्याची चव पुठ्ठ्यासारखी. दुसरं विमान दोनदा पुढे ढकललं. तिथे एक बाई रडत होती, तिची कुठली तरी परीक्षा हुकली म्हणे. शेवटी चढले तर खिडकीजवळची जागा दुसऱ्यालाच दिलेली. उतरले तेव्हा पाय सुजलेले होते. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, 'दमली असशील', तेव्हा मला खरंच रडू येत होतं.

आता सांग, हे तू दर आठवड्याला करणार? माझं ऐक, बाईंना 'नाही' कळवून टाक. तिथे राहूनच त्यांचं फिटिंगचं काम वाढवून माग. त्यात काय कमीपणा आहे?

दुधाची युक्ती झकास.

भिंगरी

*

२४ एप्रिल

भिंगरे,

ती रडणारी बाई छान जमलीय. परीक्षेचं तर मला सुचलंच नसतं.

आता माझा प्रवास ऐक. त्याच शनिवारी पहाटे तुझा 'निघाले' म्हणून फोन आला. आईने कवळी वाटीत टाकली. मी काकूंना बसवून विमानतळावर गेले. तुला सांगितलं नव्हतं, कारण अचानक ठरलं. कारखान्याने काउंटरवरच्या मुलींचे नवे कोट पाठवले होते आणि ते खांद्यात बसत नव्हते. आत त्यांच्या खोलीत एका मुलीच्या पाठीला टाचण्या लावत होते. दहाचा सुमार. वर लाउडस्पीकरवर तुझ्या शहराचं नाव आलं, विमान उतरलं म्हणून. मी तोंडात टाचण्या धरूनच विचारलं, 'हे मध्ये कुठे थांबून येतं ना?' ती म्हणाली, 'नाही हो ताई, थेट येतं. हजारभर किलोमीटर आहे, पावणेदोन तासांत. मी नोकरीला लागले तेव्हापासून रोज आहे, पाच वर्षं तर सहज झाली.' मला वाटलं, ही पोरगी काउंटरवर बसणारी, हिला काय माहीत. एवढा माझा तुझ्यावर विश्वास. माझी धाकटी बहीण सांगते म्हणजे त्या काउंटरवालीचंच चुकत असणार!

तेवढ्यात काचेतून तू दिसलीस. निळी पिशवी, ती मीच शिवलेली. पाय सुजलेले वगैरे काही नाही, टकाटका चालत होतीस. मी गळ्यातल्या टेपसकट बाहेर धावले. हाक मारणार होते. वाटलं, लवकर आली पोर, आई आज दुपारीच जेवेल! देवाशपथ, पहिला विचार तोच आला. मग तू रस्ता ओलांडलास आणि समोरच्या हॉटेलात शिरलीस. काउंटरवरच्या माणसाने तुला बघून किल्ली आधीच पुढे केली. ओळखीचा होता.

मी टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले. लोक मला म्हणाले, 'बाई, पुढे सरका.' मी सरकले. मग आत जाऊन उरलेले कोट केले. त्या मुलीला दोनदा टाचणी टोचली.

संध्याकाळी तू दारात आलीस तेव्हा मी म्हटलं, 'दमली असशील.' तू हो म्हणालीस. आई तुझ्या आवाजाबरोबर वाटीत बोटं घालून कवळी शोधायला लागली. आणि तू तिच्याशेजारी बसून दोन पदार्थ जास्तीचे मागून घेतलेस.

तरीही मी तुला एक संधी दिली. नऊ तारखेचं पत्र ती संधी होती. तू मला खांब लिहून पाठवलास, पाव लिहून पाठवलास.

कोण आहे तिथे? कुणी माणूस असेल तर सांग, मी काही तुझी सासू नाही. लग्न झालेला असेल तरी सांग, चिडेन आणि गप्प बसेन. पण चार वर्षांपूर्वी माझं टेबल तू का काढून घेतलंस तेवढं मला कळलं पाहिजे. तेव्हाही पावणेदोन तासच होते, भिंगरे. मी तुला विचारलं होतं. सगळं जग सोडून तुला विचारलं होतं.

ताई

*

३ मे

ताई,

पत्र लॅबमध्ये वाचलं आणि हातातला साचा खाली पडून फुटला. कुणाच्या तरी वरच्या दातांचा होता.

तिथे कुणी नाही. शपथ घेऊन सांगते, कुणी नाही. कुणी असतं तर बरं झालं असतं, तुला सांगायला तोंड राहिलं असतं. मी त्या खोलीत जाऊन झोपते. बूटसुद्धा काढत नाही कधीकधी. एक पलंग, एक खिडकी, बाहेर गाड्या उभ्या. तिथे मला कुणी 'वाळलीस का', 'एकटी किती दिवस राहणार', 'आईचं औषध आणलंस का' विचारत नाही. मला तुमचा कंटाळा नाही गं. पण घरात पाऊल टाकलं की मला छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. तू ते रोज सोसतेस, मला माहीत आहे. मी एक रात्र सोसू शकते, त्याहून जास्त नाही. दिवसभराचा प्रवास सांगितला की एकच रात्र राहावं लागतं आणि कुणी बोलत नाही. परतीच्या दिवशी मी दुपारी माझ्या घरी असते. फोन संध्याकाळी करते.

टेबलाचं. खरं लिहिते, मग तू काय करायचं ते कर. तू इकडे आली असतीस तर आईकडे मला जावं लागलं असतं. आज ना उद्या तू म्हणाली असतीस, आता तुझी पाळी. आणि तू माझ्याच शहरात राहिली असतीस तर ते हॉटेलही गेलं असतं. मी एवढाच विचार केला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत मला.

आणखी एक आहे. लिहू की नको करत चार कागद फाडले. आईला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पिशवीत तिला त्या हॉटेलचा छोटा साबण सापडला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल, चिडेल. तिने साबण हुंगला आणि म्हणाली, 'थोरलीला बोलू नकोस. तिला कळलं की विमान दुपारच्या जेवणाआधी पोचतं, तर ती जाईल.'

मी म्हटलं, मग निदान तू तरी वेळेवर जेवत जा. तर म्हणते, 'मी जेवले की तिला संशय येईल.'

मला माफ कर म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं.

भिंगरी

*

११ मे

भिंगरे,

म्हणजे त्या घरात मी एकटीच खुळी होते. मी तिच्यापुढे ताट धरून गयावया करत होते, चमचा घेऊन मागे लागत होते, औषध म्हणून दूध पाजत होते, आणि ती माझ्याकडे बघून ओठ मिटत होती. तुझ्यासाठी चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी झाडलं मला!

तुझ्यावर मी चिडले होते. आता चिडायलाही अंगात काही उरलं नाही. कुणी माणूस असता तर मी त्याच्यावर तरी खापर फोडलं असतं. कुणी नसताना तू आमच्याऐवजी तो पलंग घेतलास.

आईला काल विचारलं. सरळच विचारलं, 'भिंगरी त्या हॉटेलात असते हे तुला ठाऊक होतं ना?' तिने तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि वाटीत टाकली. आता काय बोलणार! मी म्हटलं, 'दात घाल आणि उत्तर दे.' तिने मान भिंतीकडे वळवली. आणि तोंडातल्या तोंडात फसफसत म्हणाली, 'तू गेलीस तर माझं कोण?'

मी तिला जवळ घेतलं नाही. तिचं भय मला समजत नाही असं नाही. पण ते भय तिने मला सांगितलं असतं तर मी कदाचित स्वतःहून राहिले असते. विचारलंच नाही कुणी. तुम्ही दोघींनी मिळून हजारभर किलोमीटर ताणून ताणून मोठे केले आणि मला अलीकडे ठेवलंत.

मॅनेजरबाईंना हो कळवलंय. थांबल्या होत्या बिचाऱ्या. जूनच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचंय. त्या पहिल्या आठवड्याला तू रजा घेऊन इकडे येशील. काकू एकट्या घाबरतात. हे विचारत नाही, सांगतेय. सकाळच्या विमानाने ये, आणि रस्ता ओलांडू नकोस.

ताई

*

२० मे

ताई,

येते. रजा टाकली. सकाळच्याच विमानाने येईन आणि थेट घरी येईन.

पण एक सांगू? रागावू नकोस. काल फोनवर आई रडत होती. तू दुकानात होतीस. म्हणत होती, थोरली कधी घराबाहेर गेली नाही, तिला विमानातलं काय कळतं, ती पोचल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेणार नाही. तिची तब्येत तू जाणतेस. तू निघालीस की ती कवळी काढून बसणार आणि मी तिला कशी आवरू? माझं ती ऐकते असं तुला वाटतं, पण ऐकत नाही. निदान हे एक वर्ष जाऊ दे, ताई. बाई पुढच्या वर्षी विचारणार नाहीत का?

भिंगरी

*

२८ मे

भिंगरे,

बसली तर पावणेदोन तास बसेल. टॅक्सीचे धरून तीन. डॉक्टरीणबाईंना विचारलं, सकाळी नीट खाल्लेलं असलं तर तेवढ्याने काही होत नाही म्हणाल्या. तुझ्यासाठी दिवस दिवस बसली आहे.

'वेळेवर जेव' हे मी तिला रोज बजावतेच, त्या दिवशीही बजावीन. नाही ऐकलं तर बसू दे.

ताई

*

१२ जून

भिंगरे,

मी कटिंग टेबलाच्या कडेला बसून लिहितेय, जेवणाची सुट्टी आहे. टेबल मला वाटलं होतं त्याहून लांब निघालं. हाताखाली सहा बाया आहेत, त्यातली एक माझ्याहून म्हातारी आणि दुप्पट तोंडाळ. आमचं जमेल.

माझा पहिला प्रवास लिहिते. यात खांब नाही आणि पावही नाही. विमान सुटलं तेव्हा मी खुर्चीचे हात एवढे घट्ट धरले की शेजारच्या मुलाने आपला हात काढून घेतला. वर गेल्यावर बघायला काही नव्हतंच, नुसतं पांढरं. मग पाणी आणलं, मग जेवणाचा डबा आणला, आणि डबे गोळा करून होतात तोवर खाली उतरतोय म्हणून सांगितलं. मी शेजारच्या मुलाला विचारलं, 'झालं?' तो म्हणाला, 'झालं.' एवढंच होतं ते, भिंगरे. मी घरी एक ब्लाउज बेतून कापायला याहून जास्त वेळ घेते.

जेवणाचा डबा मी उघडला नव्हता, तसाच परत केला. डबे गोळा करणाऱ्या मुलीने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, पोचल्यावर जेवते. कारण सकाळी निघताना आई पलंगावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तू लिहिलं होतंस की ती पाण्याचा थेंब घेणार नाही. मी तुला 'बसू दे' म्हणून ठसक्यात लिहिलं खरं. पण मनातून मला ते हवं होतं. तुला आता लपवून काय करू? एवढ्या वयात पहिल्यांदा माझ्यासाठी ती कवळी वाटीत जाणार होती. मला वाटलं, ती तिकडे उपाशी बसली असेल, तर आपण इकडे कसं खायचं?

उतरल्याबरोबर, पिशवी यायच्याही आधी, मी फोन लावला. तू उचललास आणि स्पीकर लावून तिच्यापुढे धरलास. तू तिथेच होतीस, पण तुझ्या लक्षात आलं नसेल म्हणून लिहितेय. मी म्हटलं, 'आई, पोचले गं.' ती म्हणाली, 'पोचलीस? बरं झालं. सावकाश जा, सामान सांभाळ.' एकेक अक्षर स्वच्छ. फसफस नाही, काही नाही. कवळी तोंडात होती.

मी विचारलं, 'जेवलीस?'

ती म्हणाली, 'हो, आमचं मघाशीच झालं. पावणेदोन तासांचं ते काय! भिंगरीने गरम गरम वाढलं.'

मी म्हटलं, 'छान केलंस.' मीच बजावलं होतं ना, वेळेवर जेव म्हणून. माझं कधी नव्हे ते ऐकलं तिने.

दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवले. भूक लागली होती, सगळं संपवलं.

शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने येतेय. तुम्ही दोघी जेवून घ्या.

ताई